तिकीट शहरात, सुपारी गावात

डोणगाव (जि. बुलडाणा) : मेहकर तालुक्यातील डोणगावात बसून मुंबईतल्या मैफलीचे तिकीट काढता येते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी दुपारी 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे 'बुकमायशो'वर खुली झाली, तेव्हा एक कोटीहून अधिक लोकांनी ती मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे कंपनीने सांगितले. त्या भाराखाली संकेतस्थळ काही काळ कोलमडलेही. या रांगेत दादरचा श्रोता आणि डोणगावचा श्रोता यांच्यात फरक नव्हता. ही समानता मात्र तिकीट हाती येईपर्यंतच टिकते. डी. वाय. पाटील स्टेडियम येथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि मेहकर तालुक्यात रेल्वे नाही. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो. परंतु त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला तो ५ जून २०२५ रोजी, म्हणजे कार्यक्रम आटोपल्यावर साडेचार महिन्यांनी. प्रवास आणि मुक्काम जमेस धरला, तर अडीच हजारांचे सर्वांत स्वस्त तिकीटही ग्रामीण श्रोत्याला दुप्पट-तिप्पट महाग पडते.

जिवंत संगीताच्या व्यवसायाला बरकत आली आहे, याबद्दल दुमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भुवनेश्वर येथील परिषदेत 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख करून राज्यांना या क्षेत्राकडे लक्ष देण्याचे आवाहन केले. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये 'झोमॅटो'ने 'पेटीएम'चा तिकीटविक्री व्यवसाय २,०४८ कोटी रुपयांना विकत घेतला होता. प्रश्न आहे तो ही बरकत कोणापर्यंत पोहोचते आणि जोखीम कोणाच्या माथी येते, हा.

सुपारीचे अर्थकारण

गावात गाणे नाही असे नव्हे. भीमजयंतीच्या गायन पार्ट्या, नवरात्र व गणेशोत्सवातील वाद्यवृंद, यात्रेतील कव्वाली, हरिनाम सप्ताहातील कीर्तने यांनी पश्चिम विदर्भातील गावांचे वर्ष भरलेले असते. मात्र येथे श्रोता तिकीट काढत नाही. वर्गणी गोळा होते, मंडळ किंवा यात्रा समिती कलावंताला 'सुपारी' देते आणि कार्यक्रम सर्वांना खुला असतो. पाऊस आला, गर्दी जमली नाही, तरी ठरलेली रक्कम चुकती करावी लागते. जोखीम एका व्यक्तीची न राहता गावाची होते. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे या व्यवहाराचे सर्वांत जुने आणि ठळक केंद्र. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात.

तमाशाने तिकीटही पाहिले आहे. कनाती लावून, तंबू ठोकून तिकिटावर खेळ करणारे मोठे फड हा महाराष्ट्रातील फिरता करमणूक उद्योगच होता. शंभराहून अधिक माणसे, मालमोटारी, जनित्रे आणि रोजचा मुक्काम, हा सारा डोलारा दाराशी जमणाऱ्या तिकिटाच्या पैशावर उभा असे. दूरचित्रवाणी आणि मोबाइलने त्या गल्ल्याला ओहोटी लावली. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले. वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला असला, तरी रात्रभर रंगणाऱ्या खेळाला ती पुरेशी नाही. करोनाच्या साथीने २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन हंगाम बुडाले. तिकिटाचा भरवसा उरला नाही, तसे फड अधिकाधिक सुपारीकडे वळले.

काळा बाजार आणि कायदा

शहरातील तिकीट व्यवहारात जोखमीची दिशा उलटी आहे. मोठ्या कलावंताचे मानधन आधी ठरलेले असते, प्रायोजकांचे पैसेही ठरलेले असतात. अनिश्चितता उरते ती श्रोत्याच्या वाट्याला. 'कोल्डप्ले'चे दर अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंत होते. फेरविक्रीच्या संकेतस्थळांवर हेच आकडे लाखांत गेले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने 'कोल्डप्ले' व दिलजित दोसांझ यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांसंदर्भात अनेक शहरांत छापे घातले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली; नियम करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम आहे, अशी भूमिका घेतली.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेली तिकिटांची अनधिकृत विक्री 'लहान संघटित गुन्हा' ठरवली असून, एक ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. परंतु टोळी सिद्ध करावी लागते. एकेकट्याने दहा तिकिटे घेऊन चढ्या भावाने विकली, तर हे कलम अपुरे पडते. ब्रिटनमध्ये मूळ किमतीपेक्षा अधिक दराने फेरविक्री करण्यावर बंदी आणण्याची घोषणा सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. अमेरिकेत 'लाइव्ह नेशन' आणि 'तिकीटमास्टर' यांच्या मक्तेदारीविरुद्ध तेथील न्याय विभागाने मे २०२४ मध्ये दावा दाखल केला. महाराष्ट्रात असा विचार अद्याप याचिकांपुढे सरकलेला नाही.

करमाफीच्या बाबतीत मात्र राज्याचा हात पूर्वी सैल राहिला आहे. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीत झालेल्या मायकेल जॅक्सनच्या कार्यक्रमाला तत्कालीन युती सरकारने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने त्यास न्यायालयात आव्हान दिले. तिजोरीत अडकलेली तीन कोटींहून अधिक रक्कम आयोजकांना परत करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो थेट २०२१ मध्ये.

हरवलेली मधली पायरी

जुलै २०१७ पासून करमणूक कर जाऊन वस्तू व सेवा कर आला. मैफलीच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला त्यातून सूट आहे. त्यावर १८ टक्के कर लागतो. ही मर्यादा जानेवारी २०१८ मध्ये २५० वरून वाढवण्यात आली, त्यानंतर वाढलेली नाही. ध्वनियंत्रणा, सभागृह आणि प्रवास यांचे दर या काळात कुठल्या कुठे गेले. चार-पाचशे आसनांच्या सभागृहात ६०० रुपये दर ठेवणाऱ्या आयोजकाला १०८ रुपये कर लावावा लागतो आणि त्याचा दर स्टेडियमच्या ३५ हजारांच्या तिकिटाइतकाच असतो.

वास्तविक परवडणाऱ्या तिकिटावर दर्जेदार संगीत चालू शकते, हे महाराष्ट्राने सिद्ध केले आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून सुरू आहे. भारतीय बैठकीचे स्वस्त तिकीट आणि खुर्चीचे महाग तिकीट एकाच मंडपात ठेवून त्याने विद्यार्थ्यालाही दारातून आत घेतले. तालुका आणि जिल्ह्याच्या ठिकाणी या नमुन्याला जागा नाही. तेथे एक तर फुकटची सुपारी आहे, नाही तर चारशे किलोमीटरवरचे स्टेडियम. मधली पायरी नसल्याने नवा गायक गावातील मंडपातून निघून तिकिटाच्या रंगमंचावर पोहोचत नाही आणि तिकीट काढून गाणे ऐकण्याची सवयही लागत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. सर्वसामान्यांसाठी प्रत्यक्षात किती तिकिटे खुली केली, हे आयोजकाने जाहीर करावे. फेरविक्री मूळ दरानेच व्हावी. करसवलतीची मर्यादा महागाईशी जोडावी आणि जिल्हा-तालुक्याच्या ठिकाणची सभागृहे भाडे परवडेल अशा स्थितीत ठेवावीत. कॉन्सर्टचे अर्थकारण म्हणून राज्य जे काही उभारू पाहत आहे, त्याचा पाया चार महानगरांपुरता राहिला, तर डोणगावच्या श्रोत्याचा त्यातील वाटा ऑनलाइन रांगेतील एका क्रमांकाएवढाच असेल.