बाळाचा बाप पाहुणा नको

बार्शीटाकळीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. लग्नाला सात वर्षे झाली, पदरी दोन मुले. यजमान सकाळच्या एस.टी.ने अकोल्याला नोकरीला जातात ते दिवेलागणीनंतर परततात. मारझोड नाही, व्यसन नाही, सासूबाईही प्रेमळ. "पण आमच्यात बोलणंच उरलं नाही हो. दूध आणा, फी भरा, धाकट्याला ताप आहे, एवढंच. मुलं झोपली की दोघंही भिंतीकडे तोंड करून झोपतो. हे असंच असतं का?"

पुष्कळ घरांत असतं, बाई. कॅरोलिन व फिलिप कोवन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पति-पत्नींनी पहिले मूल होणाऱ्या जोडप्यांचा कित्येक वर्षे अभ्यास केला आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिले. मूल झाल्यावर नवराबायकोतले समाधान बहुधा घटते आणि कामाच्या वाटणीवरून खटके उडतात, असे त्यांना दिसले. तेव्हा हे दुखणे काही एकट्या वऱ्हाडाचे नव्हे.

आपल्याकडे मात्र त्याची सुरुवात माहेरी होते, असे मला वाटते. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात गेलेली बाई बाळ तीन महिन्यांचे झाले की परतते. चाल चांगलीच आहे. आईच्या हातचे डिंकाचे लाडू दुसरीकडे कुठे मिळणार? पण तेवढ्या काळात बाळाला झोपवणे, त्याचे रडणे ओळखणे, सारे आपण शिकून घेतो. बाप बारशाला येऊन पाळण्यात डोकावून गेलेला. पाहुणाच तो! पुढे सासरी त्याने मूल उचलले, की आपणच म्हणतो, "मान सांभाळा, तुम्हाला नाही जमायचं." दोन-चारदा हे ऐकले की तो वर्तमानपत्र उघडतो. मग वर्षभराने आपली कुरकुर, की यांना काही कळतच नाही!

यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर पहिल्या दोन मुलांच्या वेळी बापालाही पंधरा दिवसांची रजा मिळते. १९९७ पासून ही सोय आहे. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ती घेता येते. ती घरी रंग लावण्यात घालवू नका. जावईबापूंना सरळ माहेरी बोलवा आणि बाळ त्यांच्या मांडीवर द्या.

मुले मोठी झाली असली तरी वेळ गेलेली नाही. एक काम पुरते त्यांचे करून टाका. मदत नव्हे, काम! रात्री झोपवणे म्हणा, धाकट्याची रविवारची आंघोळ म्हणा. पावडर जास्त पडेल, सदरा उलटा घातला जाईल. जाऊ द्या. दारात उभे राहून सूचना तेवढ्या देऊ नका. "आता माणसानं पोट्ट्याची आंघोळ कराव काय?" असे थोरल्यांपैकी कोणी म्हणालेच, तर हसावे आणि टॉवेल यजमानांच्याच हाती द्यावा.

हे काही आजचे फॅड नव्हे. पुण्याच्या इरावतीबाई कर्वे तीन मुलांची आई असून संशोधनासाठी देशभर हिंडत. त्यांच्या पर्समध्ये पैसे आणि स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, हे दिनकरराव पाहत. ते स्वतः फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, बरं का!

बापाने मुलाचे काही स्वतः केले, की रात्री सांगण्यासारखे दोघांकडेही काही असते. त्यासाठी पंधरा मिनिटे मात्र राखून ठेवावी लागतात. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर अंथरुणे पडतातच. मुले झोपली की कठड्याशी दोघे बसा. फी, ताप आणि सासर-माहेर हे विषय तेवढा वेळ बंद. पहिले दोन दिवस काय बोलावे ते सुचणार नाही. आज एस.टी.त कोण भेटले, हे विचारा. मग तुमच्या दुपारचे तुम्ही सांगा, त्यांनी विचारले नसले तरी.