सायलोवर चित्रं, आत काँक्रीट

कारखाने बंद पडले की तिथे काय उभं राहतं? गिरणगाव पाहिलेला कुणीही सांगेल : मॉल आणि टॉवर. पण कॅनडातल्या व्हँकूव्हरमधलं ग्रॅनव्हिल आयलंड बघा. भराव टाकून केलेली ही कारखान्यांची वसाहत पुढे उतरणीला लागली. केंद्र सरकारने जागा विकली नाही. जुन्या पत्र्याच्या शेड ठेवल्या आणि १९७९मध्ये तिथे मंडई सुरू केली. पुढच्याच वर्षी आर्ट कॉलेज आलं. नाटकं आली, स्टुडिओ आले.

भारी गोष्ट म्हणजे, तिथला काँक्रीट प्लांट कुणी हलवला नाही. २०१४मध्ये ब्राझीलच्या 'ओस जेमिओस' या जुळ्या भावांनी त्याच्या सहा सायलोंवर अवाढव्य माणसं रंगवली. प्लांट चालूच राहिला.

सगळंच गोड नाही. २०१७मध्ये ते कॉलेज, म्हणजे आताचं एमिली कार विद्यापीठ, दुसरीकडे गेलं. सोबत विद्यार्थ्यांची रोजची वर्दळही गेली. नुसत्या पर्यटकांवर जागा जिवंत राहते का?

हा प्रश्न आपलाही आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचं काय करायचं, ही चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. तुम्ही शाळेत होतात तेव्हा, २०१७मध्येच, ससून डॉकच्या भिंती कलाकारांनी रंगवल्या. मासळी उतरवणारे आणि कोळंबी सोलणाऱ्या बायका तिथे त्याआधीपासून आहेत. उद्या किनारा नटला, तर त्या तिथेच दिसतील की फक्त भिंतीवरच्या चित्रात?

पुढच्या वेळी म्युरलसमोर सेल्फी काढाल, तेव्हा मागे काम चालू आहे ना, तेवढं बघा.