पाहुण्यांसाठी इग्वाना आणाल, पण निफाडच्या थंडीचं काय?

निफाड : शहरातली मंडळी द्राक्षबाग पाहायला, मळ्यातलं जेवण जेवायला नाशिक जिल्ह्यात येतात. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यापासून शेतकऱ्यांचा या जोडधंद्याकडे ओढा आहे. पण नुसत्या बागेत लहान मुलं रमत नाहीत. मग सशांच्या जोडीला इग्वाना, मकाव, सन कोन्यूर असे परदेशी जीव ठेवण्याचा मोह होतो. फोटो निघतात, गर्दी वाढते. प्राणी पिंजऱ्यात मावेल एवढा असला, तरी जबाबदारी मात्र मोठी असते.

पहिली अडचण थंडीची

निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो अनेकदा पाच अंशांच्या खाली गेला आहे. तेव्हा बागायतदार पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. इग्वाना तर उष्ण प्रदेशातला सरडा. अंगात ऊब धरून ठेवणं त्याला जमत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पारा घसरला की इग्वाना गारठून झाडावरून खाली पडतात. इथे त्याला रात्रभर उबेचा दिवा लागेल आणि रात्री लाईट गेली तर सगळंच अवघड.

मुंबईच्या राणीच्या बागेचं उदाहरण समोर आहे. २०१६ मध्ये तिथे दक्षिण कोरियातून ८ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. महापालिकेचा पैसा, डॉक्टर, वातानुकूलित जागा, सगळं होतं. तरीही तीन महिन्यांत त्यातला एक दगावला. मळ्यातल्या पिंजऱ्याने काय करावं?

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या. इग्वाना, मकाव, सन कोन्यूर, आफ्रिकन ग्रे पोपट, बॉल पायथन त्यातच येतात. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. बजरीगर आणि कॉकाटेल या यादीत नाहीत.

इथेच अनेकांची गल्लत होते. नोंदणी म्हणजे लोकांना दाखवण्याची परवानगी नव्हे. प्राणिसंग्रहालय चालवायचं तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. म्हणून पिंजरा बांधण्याआधीच वनविभागाला लेखी विचारलेलं बरं. आणि आपला साधा हिरवा पोपट किंवा स्टार कासव परदेशी नाही, ते संरक्षित वन्यजीव आहेत. ते पाळणं हाच गुन्हा आहे.

नांदूर मध्यमेश्वरला धोका

हौस फिटली की प्राणी ‘मोकळा’ सोडला जातो. निफाड तालुक्यात हे जास्त महागात पडेल, कारण राज्यातलं पहिलं रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर इथेच आहे. लाल कानपट्टीचं अमेरिकन कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, विकत घेताना नाण्याएवढं असतं. वाढून ते फूटभर होतं आणि २० ते ३० वर्षं जगतं. गोदावरीत सोडलं तर आपल्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही बळकावतं. शिवाय कासव, इग्वाना हाताळल्यावर पोरांना साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. साबणाने हात धुणं आलंच.

इमूचा धडा

२०१२ च्या सुमारास इमूपालनाचं खूळ महाराष्ट्रातही पसरलं होतं. बाजार कोसळला, खाद्याचा खर्च परवडेना, काहींनी पक्षी वाऱ्यावर सोडले. परदेशी जीव विकणारा पैसे घेऊन निघून जातो, तोंड द्यावं लागतं ते मळेवाल्यालाच.

खरं तर आलेल्या पाहुण्याला दाखवायला निफाडमध्ये कमी काय आहे? डांगी गाय, शेळीची करडं, गावरान कोंबड्या, आणि हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला उतरणारे हजारो पाहुणे पक्षी. त्यांना ना पिंजरा लागतो ना उबेचा दिवा. आणि पाहुण्यांनीही एखाद्या केंद्रात इग्वानासोबत सेल्फी काढण्याआधी एवढं विचारावं : याची नोंदणी आहे का, आणि थंडीत याला कुठे ठेवता?