थांबलेल्या तीन सेकंदांत

परवा एका अंगणवाडीत दोन तास बसले होते. पावसामुळे नऊच मुलं आली होती. ताईंच्या हातात सुबाभळीची डहाळी होती. "रंग कोणता?" सगळी एका सुरात, "हिरवाऽऽ!" भिंतीला टेकून बसलेली साडेतीन वर्षांची एक मुलगी हळूच म्हणाली, "आमची शेळी ह्योच पाला खाती." ताईंनी मान डोलावली आणि विचारलं, "हो, पण रंग कोणता?" मुलीनं इकडंतिकडं पाहिलं आणि फ्रॉकचा बंद चघळायला घेतला.

ताईंना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. बालवाडीत इतकी वर्षं मी स्वतः हेच करत आले. हजेरी, खिचडी, वजनाच्या नोंदी सांभाळताना शेळीचं वाक्य मध्येच आलेलं वाटतं. खरं तर त्या सकाळी वर्गात बोललेलं सर्वांत मोलाचं वाक्य तेच होतं. कर्ता, कर्म, क्रियापद तर त्यात होतंच, शिवाय घरचा अनुभव आणि तो आपल्याला सांगण्याची इच्छाही होती.

"मुलांशी भरपूर बोला" हा सल्ला आपण प्रत्येक पालकसभेत देतो. त्याचा मोठा आधार म्हणजे हार्ट आणि रिस्ली यांचा 1995 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या अवघ्या 42 कुटुंबांवरून त्यांनी गरीब आणि सुस्थितीतल्या घरांतल्या मुलांच्या कानांवर पडणाऱ्या बोलण्यात तीन कोटी शब्दांच्या दरीचा अंदाज मांडला. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर रास्त आक्षेप घेतले. आई-वडिलांपलीकडे आजी, भावंडं, शेजारीपाजारी मुलाच्या अवतीभवती बोलत असतात, ते त्या मोजणीत आलंच नव्हतं. आपल्याकडच्या वाडीवस्तीवरचं कुठलंही घर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आक्षेपाचं वजन कळेल. तरीही गरीब घर म्हणजे मुकं घर, हा समज आपल्या प्रशिक्षणांतून अजून गेलेला नाही. तो जायलाच हवा.

2018 साली रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या 36 मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना मुलांच्या मेंदूत काय घडतं तेही तपासलं. ज्या मुलांच्या वाट्याला मोठ्यांशी आळीपाळीचं बोलणं जास्त आलं होतं, त्यांच्या मेंदूतला भाषेशी निगडित ब्रोका भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसला. घरची मिळकत आणि मोठ्यांनी उच्चारलेले एकूण शब्द वेगळे काढले, तरी हा संबंध टिकला. 36 मुलांवरून सिद्धान्त होत नाही, पण दिशा नक्की कळते. नुसत्या शब्दांच्या भडिमारापेक्षा तू बोल, मी ऐकते, मग मी बोलते, ही देवाणघेवाण महत्त्वाची. पॅट्रिशिया कुल यांनी 2003 मध्ये हेच तान्ह्या मुलांत पाहिलं होतं. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा शिकली नाहीत. मोबाइलवरच्या बडबडगीतांबद्दल पालक विचारतील तेव्हा हे सांगा.

देवाणघेवाणीसाठी आधी आपण थांबायला हवं. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या तासांना शिक्षकांचं थांबणं मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तेच तीन सेकंदांवर नेलं, तेव्हा उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली आणि मुलांचे प्रश्नही वाढले. ती मुलं आपल्या मुलांपेक्षा मोठी होती. तीन वर्षांच्या मुलाला शब्द जुळवायला तर आणखी उसंत लागते.

ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. अंगणात गेल्यावर अंगणातली बोलीही ऐकावीच लागते. "ह्यो नाही, हा म्हण" असं सुधारण्याआधी शेळीची चौकशी करा.

या महिन्यात एक काम करा. गोलात बसल्यावर मोबाइलवर पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा आणि घरी एकट्यानं ऐका. विषय मुलानं किती वेळा काढला, आपण किती थांबलो, त्याच्या वाक्याला धरून पुढचं किती वेळा विचारलं, एवढंच मोजा. तुमचे आकडे आम्हाला कळवा. पुढच्या अंकात नावं न देता छापू.

त्या दिवशी खिचडीच्या वेळी मी त्या मुलीशेजारी बसले. "शेळीला अजून काय आवडतं गं?" ती गप्प. मी मनात आकडे मोजत राहिले. सातावर आले तेव्हा ती ताटलीतला घास तसाच ठेवून म्हणाली, "तिला करडू झालंय. काळं. म्या धरलं तर वरडतंय."