सहा वाजताची बैठक

मागच्या नोव्हेंबरात आमच्या शाळेतल्या तिघींच्या मोबाईलवर एकच निरोप आला. गुरुवारी संध्याकाळी ठीक सहा वाजता गोंदियात, बाजारातल्या कार्यालयात बैठक. विषय : दहावीनंतर आपल्या मुली शिक्षण का सोडतात? खाली एक ओळ होती, ‘सर्वांनी वेळेवर हजर राहावे.’

विषय आमच्या जिव्हाळ्याचा. दरवर्षी दहावीच्या निकालानंतर वर्गातली दोन-तीन नावे कुठल्याच कॉलेजच्या यादीत दिसत नाहीत. त्या मुली मग भेटतात त्या एखाद्या लग्नात, नाहीतर ईदच्या दिवशी. म्हणून जायचे ठरले. घरी सांगितले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साडेतीनला शाळेतून निघालो.

वाचकहो, आमची शाळा देवरी तालुक्यात. गोंदिया जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असले तरी ते जिल्ह्याच्या मध्यावर नाही. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा उघडून पाहा. शहर उत्तरेच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. देवरी आणि अर्जुनी मोरगाव दूर दक्षिणेला. आमच्या गावाहून आधी आमगाव गाठायचे, मग तिथून गोंदिया. अंतर साठ-सत्तर किलोमीटरच्या घरातले, पण वाट पाहण्याचा वेळ कुठल्या नकाशात दाखवलेला नसतो.

आमगावला पोहोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. बस नुकतीच गेली होती. अर्ध्या तासाने एक काळी-पिवळी भरली. समोर एक बाळंतीण, मागे दोन पोती आणि मध्ये आम्ही तिघी. धानाचा हंगाम. रस्त्यावर धान भरलेले ट्रॅक्टर एकामागे एक चाललेले. पुढे काढायला जागा नाही आणि चालकभाऊंना घाई करा म्हणायची आमची हिंमत नाही.

गाडीत बसल्या-बसल्याच सूर्य मावळला. साडेपाचही झाले नव्हते. इथे आमच्यातली बाई जागी झाली आणि बरोबरच्या दोघींना भूगोलाचा धडा ऐकावा लागला. एका रेखांशामागे वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबई ७३ रेखांशाच्या जवळ, गोंदिया ८० च्या पुढे. म्हणजे आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. मुंबईत हिवाळ्यात सहा वाजता पश्चिमेला अजून लाली असते, आमच्याकडे रस्त्यावर मिट्ट काळोख असतो. ‘संध्याकाळी सहा’ हे शब्द दोन्हीकडे सारखे, पण एकीकडे संध्याकाळ आणि दुसरीकडे रात्र.

सव्वासहाला जयस्तंभ चौकात उतरलो. कार्यालय शोधण्यात आणखी वीस मिनिटे गेली. बाहेर पाटी नव्हती. विचारत-विचारत एका दुकानाशेजारचा जिना सापडला. जिन्यात दिवा नव्हता. तिघींनी मोबाईलचे दिवे लावले आणि दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो. मगरिबची वेळ सरत आली होती. प्रवासात चार रकअतींच्या दोन होतात, पण मगरिबच्या तीन त्या तीनच. वुजूसाठी जागा विचारली तेव्हा तिथल्या मुलाने ओशाळून खाली बोट दाखवले. बायकांसाठी वेगळी सोय नव्हती. बाटलीतल्या पाण्याने वुजू केला आणि कोपऱ्यात सतरंजी टाकून नमाज अदा केली.

आत गेलो तेव्हा बैठक अर्ध्यावर आली होती. वीस-बावीस माणसे, सगळे पुरुष, बहुतेक शहरातलेच. माणसे भली. आम्हाला पाहताच पुढच्या खुर्च्या रिकाम्या केल्या, चहा मागवला. फळ्यावर कारणांची यादी लिहिलेली होती. पालकांची उदासीनता. लवकर लग्न. मोबाईल. शिक्षणाचे महत्त्व न कळणे. त्यावर उपायही ठरला होता. मुलींसाठी याच कार्यालयात रोज संध्याकाळी सहा ते आठ मार्गदर्शन वर्ग.

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिले. हसू आले आणि वाईटही वाटले. अध्यक्षस्थानी असलेल्या बुजुर्गांनी विचारले, “बेटी, तुम्ही शिकवता. तुम्हाला काय वाटते?”

आमच्यातली सगळ्यांत लहान बाई उठली. एरवी ती शिक्षकांच्या खोलीतही फार बोलत नाही. म्हणाली, “चाचा, आम्ही साडेतीनला निघालो, साडेसहाला पोहोचलो. आता पंधरा मिनिटांत उठलो नाही तर परत जायला गाडी नाही. आम्ही चाळिशीच्या बायका, पगारदार, तिघी सोबत, तरी घरून चार फोन आले. सोळा वर्षांची मुलगी रोज एकटी कशी येईल? तुमच्या यादीत रस्ता कुठेच नाही.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाले, “पण एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे ना?” खरे आहे. मार्च २०२३ पासून ते आहे आणि आमच्या गावातल्या कितीतरी बायकांना त्याचा आधार झाला आहे. पण अर्धे तिकीट उपयोगी पडते ते बस असेल तेव्हा.

आम्ही उठलो. शेवटची बस गाठली. रात्री साडेनऊला घरी पोहोचलो, तेव्हा अम्मी दारातच उभ्या होत्या.

त्या रात्री आम्हाला एक गोष्ट लख्ख कळली. बैठकीचा विषय होता मुली का थांबतात, आणि त्याचे उत्तर बैठकीच्या निरोपातच होते. ठिकाण आणि वेळ ठरली, की कोण बोलणार आणि कोणाविषयी इतरांनी बोलायचे, हेही ठरून जाते. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. ज्यांच्या घरापासून कार्यालय पाच मिनिटांवर आहे, त्यांना सहाची वेळ सोयीची वाटते, एवढेच.

दूरचे ठिकाण म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी सगळ्यांना भंडाऱ्याला जावे लागे. माणसांना दूर नेण्याऐवजी कचेरी जवळ आणावी, हा त्यातला सरळ हिशेब. तोच हिशेब आपल्या बैठकीला का लावू नये? गावाचा कायदासुद्धा हे जाणतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे तो सांगतो, कारण भरल्या सभेत बाई बोलतेच असे नाही. आणि मजलिसमध्ये इतरांसाठी जागा करून देण्याची ताकीद तर सूरह मुजादलामध्ये आपल्याला आहेच. जागा करणे म्हणजे फक्त खुर्ची सरकवणे नव्हे. वेळ सरकवणे हीसुद्धा जागाच.

हे सगळे लिहिताना आमचीच एक चूक आठवली, ती सांगितली नाही तर लिहिणे खोटे होईल. शाळेची पालकसभा आम्ही कित्येक वर्षे सकाळी अकराला घेतो. कापणीच्या दिवसांत त्या वेळी निम्म्या आया शेतात वाकलेल्या असतात. त्या आल्या नाहीत की आम्ही रजिस्टरमध्ये लिहितो, ‘पालकांचा प्रतिसाद अल्प.’ गोंदियातल्या त्या फळ्यावरचे ‘उदासीनता’ आणि आमच्या रजिस्टरमधले ‘अल्प’, यांत फरक काय?

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. “बेटी, पुढची बैठक तुम्ही ठरवा.” आम्ही रविवार सकाळ ठरवली, ठिकाण आमगाव. रेल्वे आहे, देवरी आणि सालेकसा दोन्हीकडून येता येते, आणि उन्हातच घरी परतता येते. निरोपात बस कुठून मिळेल ते लिहिले, तळमजल्यावरची खोली घेतली, बायकांसाठी वुजूची सोय आहे हेही लिहिले. लहान मुले आणली तरी चालतील, असेही.

त्या दिवशी अकरा आया आल्या. त्यातल्या एकीने आम्हालाही माहीत नसलेली गोष्ट सांगितली. तिची मुलगी अकरावीला होती. कॉलेजची बस फाट्यावर सोडते, तिथून घर दोन किलोमीटर. उन्हाळ्यात काही वाटत नाही. हिवाळ्यात बस येईपर्यंत अंधार पडतो आणि बाजूला जंगल. दिवाळीनंतर तिने मुलीला घरी बसवले. “मला तिला शिकवायचे आहे,” ती म्हणाली, “फक्त ते दोन किलोमीटर कोणी सांभाळा.”

त्याच गावातल्या आणखी तीन मुली त्याच बसने येतात, हे तिथेच कळले. चार घरांनी पाळी लावली. रोज संध्याकाळी एका घरचे अब्बू किंवा भाऊ टॉर्च घेऊन फाट्यावर उभे राहतात आणि चौघींना सोबत घेऊन येतात. यासाठी ना अनुदान लागले, ना कार्यालय.

ती मुलगी डिसेंबरात पुन्हा कॉलेजला जाऊ लागली. आणि आमची पालकसभा आता धानाच्या दिवसांत रविवारी असते.