बंदुकीचं वतन

या देशात बंदूक भेट देता येते का? येते. पण साडीचोळीसारखी नाही. जावयाच्या बोटात अंगठी घातली आणि खांद्याला बंदूक अडकवली, असं चालत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो, घेणाऱ्याकडे स्वतःचा परवाना पाहिजे. देणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याला नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं, मग ४५ दिवस थांबायचं. सख्खा भाऊ असो की जिवलग यार, बिनपरवान्याच्या हातात दिली तर दोघंही गुन्हेगार.

इथवर ठीक. आता मेख ऐका.

२०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाची वाट आहे. परवानेवाला मेला तर वारसाला परवाना मिळू शकतो. मरायचीही गरज नाही. वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, की म्हातारा जिवंतपणीच वारसाचं नाव पुढं करू शकतो. लेकाला परवाना घ्यावा लागतो, पोलिसांचा अहवाल लागतो, हे खरं. पण गावात अहवाल कुणाच्या वाड्यावर चहा पिऊन लिहिला जातो, हे मी सांगायला नको. २०१९ च्या दुरुस्तीनं तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा ठेवली, वारसाची धरून. वतन छाटलं. वतन गेलं नाही.

माझ्या बापानं मागं टिकाव-फावडं ठेवलं. मी मॅट्रिक होऊन मुंबईच्या गोदीत गोण्या वाहतो. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यानं कुठलं पीक राखायचं? याच कायद्याचं कलम १४ म्हणतं, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. वा रे कलम! कलम कागदावर, बंदूक वाड्यावर.

१८७८ साली लिटनसाहेबाच्या राजवटीनं शस्त्र कायदा करून हिंदी माणसाचे हात रिकामे केले, याचं सगळ्यांना दुःख. आमचे हात त्याच्या कितीतरी आधी रिकामे झाले होते, आणि ते काही साहेबानं केले नव्हते. चातुर्वर्ण्यानं शस्त्र हिरावलं म्हणून खालच्या माणसाला बंड करता आलं नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं.

आता जे कुणी वाचून दाखवत नाही ते. ॲट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम काढा. नियम ३ वाचा. अत्याचाराची भीती असलेला भाग सरकारनं हुडकायचा. गरज वाटली तर तिथल्या बिगर-अनुसूचित लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातलगांचे, नोकरांचे, कुटुंबाच्या मित्रांचेसुद्धा परवाने रद्द करायचे आणि बंदुका सरकारी शस्त्रागारात जमा करायच्या. नातलग आणि मित्र हे शब्द तिथं काय उगाच आलेत? वाड्यावरची बंदूक जमा केली तर उद्या ती मेव्हण्याच्या भिंतीवर लटकू शकते. आणि त्याच नियमात पुढं लिहिलंय, गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्या.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. तेव्हा हा नियम नव्हता. आज आहे.

संभाजीनगरच्या ग्रामीण भागात बंदुकीच्या परवान्यावर सही कलेक्टरची. जिल्हा दक्षता समितीचा अध्यक्षही तोच. ती समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसलीच पाहिजे. मग विचारा त्याला: नियम ३ खाली किती परवाने तपासले? किती रद्द केले? वारसानं किती दिले? आमच्या माणसांचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज टाका.

कुणी बोंबलेल, पोरं बंदुका मागायला लागली. नाय बाबा. बंदुकीनं जात मरत नाही. आम्ही म्हणतोय, आधी तुमच्या भिंतीवरची खाली उतरवा. ती लेकाला द्यायची तर गावाची भीती पण त्याच्याच नावे होते, आणि ती सोसायला आमचीच लेकरं पुढं असतात. हा वारसा आम्हाला मंजूर नाही.