हातोड्याच्या हाती कला

मे 1998. लीड्स विद्यापीठात कला शिकणाऱ्या 13 विद्यार्थ्यांनी प्रदर्शनासाठी मिळालेले 1,126 पौंड स्पेनच्या सहलीवर उडवल्याची बातमी फुटली. प्रदर्शन पाहायला आलेल्या पाहुण्यांना थेट विमानतळावर नेण्यात आले आणि तेथे ही मंडळी उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांनी ‘परतली’. वृत्तपत्रांनी उधळपट्टीबद्दल झोड उठवली. मग कळले की स्पेनला कोणी गेलेच नव्हते. छायाचित्रे स्कारबरोच्या किनाऱ्यावरची होती, चेहरे दिव्यांखाली रापवलेले होते आणि पैसे शाबूत होते. ही बनवाबनवी हीच त्यांची कलाकृती. तिने एक गोष्ट चव्हाट्यावर आणली: कलेविषयी बोलताना साऱ्यांना आकडाच तेवढा दिसतो, कलाकृती नाही.

तो आजार आता आपल्याकडे बळावला आहे. मार्च 2025 मध्ये चित्रकार हुसेन यांचे ‘ग्राम यात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटी रुपयांना गेले. सप्टेंबरमध्ये नागपुरात जन्मलेल्या आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गायतोंडे यांच्या चित्राला 67 कोटी मिळाले. मथळे झळकले, पण त्या चित्रांत काय आहे हे किती जणांनी लिहिले? विक्रमासाठी ईर्ष्येला पेटलेले दोन धनिक पुरतात. गॅलरी माल रोखून धरते, बडे संग्राहक आपल्याकडील चित्रांचा भाव पडू नये म्हणून बोली लावतात, लिलावगृह मोठ्या विक्रेत्याला किमान रकमेची हमी देते. मग हाच भाव गुणवत्तेचा दाखला म्हणून मिरवला जातो. आणि त्यातले काही चित्रकाराच्या हाती पडतेच असे नाही: गायतोंडे 2001 मध्येच गेले.

हा धनिकांचा खेळ आहे, आपले काय जाते, असे म्हणून भागणार नाही. हा खेळ सार्वजनिक ठेव्यापर्यंतही पोचतो. पहिल्या महायुद्धातून परतलेला हेन्री मूर 1919 मध्ये लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाला. खाणकामगाराच्या या मुलाने जगन्मान्य शिल्पकार झाल्यावरही एका बैठ्या स्त्रीचे भव्य शिल्प लंडनच्या तत्कालीन नगरप्रशासनाला बाजारभावाहून स्वस्तात दिले. पूर्व लंडनच्या श्रमिक वस्तीतील माणसांनी ते येता-जाता पाहावे, एवढाच हेतू. 2012 मध्ये त्या भागाच्या, म्हणजे टॉवर हॅम्लेट्सच्या, प्रशासनाने काटकसरीच्या नावाखाली तेच विकायला काढले. भाव दोन कोटी पौंडांपर्यंत जाईल, असा अंदाज होता. लोक खवळले, प्रकरण न्यायालयात गेले, सत्ता बदलली, तेव्हा कुठे ते वाचले. सार्वजनिक ठेव्यावर एकदा किमतीची चिठ्ठी चिकटली की तो ठेवा न राहता तारण होतो.

मूरचे एक शिल्प साताऱ्याच्या औंधमध्येही आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयातील ‘माता आणि बालक’. एका छोट्या संस्थानाच्या राजाने हा संग्रह जमवला, तेव्हा त्याच्यापुढे विक्रमी बोलीचा आकडा नव्हता. होती ती स्वतःची नजर. आज राज्याच्या ताब्यातील त्या संग्रहालयापुढे तीच नजर असलेला उत्तराधिकारी कोण? चालू काळातील चित्रकारांची कामे शासन नियमाने विकत घेते का? आपल्या संग्रहालयांनी नव्या कलेचे मोल ठरवण्याचे काम सोडले, तर ते काम लिलावगृहे करणारच. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने तिजोरी रिती असल्याचे कारण देऊन संग्रहावर बोट ठेवले, तर त्याला अडवायला आपल्याकडे काय आहे?

म्हणून तीन गोष्टी तातडीने हव्यात. शासकीय आणि महापालिकांच्या मालकीच्या कलाकृतींची छायाचित्रांसह यादी जाहीर करा आणि त्यांच्या विक्रीस कायद्याने मज्जाव करा. हयात कलावंतांची कामे घेण्यासाठी स्वतंत्र निधी उभारा आणि चित्रे जाणणाऱ्यांची समिती नेमा. आणि कॉपीराइट कायद्याच्या 53अ कलमाने चित्रकाराला फेरविक्रीत दिलेला वाटा प्रत्यक्ष त्याच्या हाती पडेल अशी व्यवस्था करा. ब्रिटनने 2006 मध्ये ती केली. आपले कलम कागदावरच कुजते आहे. चित्र बरे की वाईट हे लोकांनी पाहून ठरवायचे असते. ती पाहण्याची जागाच उरली नाही, तर हातोड्याचा आवाज हाच एकमेव निकाल ठरेल, आणि त्याविरुद्ध अपील करायला कुणी शिल्लक नसेल.